एमएच पासिंगची गाडी बेळगावला आणून केए २२ करायची असेल तर

पुण्या-मुंबईत नोकरी करून परत बेळगाव, खानापूर, निपाणीकडं राहायला येणारी मंडळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दारात एमएच १२ नाही तर एमएच १४ पासिंगची गाडी असते. आल्या आल्या चार लोक चार गोष्टी सांगतात. एक म्हणतो महिन्याच्या आत पासिंग बदला नाही तर गाडी उचलतात, दुसरा म्हणतो काही करू नको, माझी आठ वर्षं तशीच फिरतेय, तिसरा थेट एजंटचा नंबर देतो. हे तिन्ही सल्ले ऐकून लोकांचे पैसे जातात म्हणून सगळं एका जागी सविस्तर लिहितोय. मूळ गोष्ट एवढीच की ह्या कामाला एक क्रम आहे, तो क्रम पाळला तर काम होतं आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्समधले काही पैसे परतसुद्धा मिळतात, आणि हे परत मिळणारे पैसे बहुतेक लोक मागतच नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी मुदतीचं बघू कारण सगळी भीती तिथंच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम ४६ प्रमाणं एका राज्यात रजिस्टर झालेली गाडी सगळ्या भारतात चालते. कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवीन नंबर घ्यायचा. आणि नियमाप्रमाणं हे १२ महिने संपल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. म्हणजे तुमच्या हातात वर्ष आहे. मग ते एक महिन्याचं कुठून आलं? तर कर्नाटक सरकारनं २०१४ साली टॅक्सच्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यातली गाडी ३० दिवसांपेक्षा जास्त राहिली की लाइफटाइम टॅक्स भरा असं केलं होतं, त्यावरनं बरीच ओरड झाली, लोक कोर्टात गेले आणि २०१६ साली कर्नाटक हायकोर्टानं ती दुरुस्ती रद्द केली. पण लोकांच्या डोक्यात ३० दिवस बसलेत ते बसलेत, आणि रस्त्यावर अडवल्यावर माणूस घाबरून काहीही द्यायला तयार होतो.

म्हणून पहिलं काम, गाडी कर्नाटकात कधी आली ह्याचा पुरावा जपून ठेवा. कोगनोळी टोलचा फास्टॅगचा मेसेज, सामान आणलेल्या ट्रकची पावती, नवीन नोकरीचं जॉइनिंग लेटर, भाड्याच्या घराचा करार, जे असेल ते. फास्टॅगचं स्टेटमेंट सगळ्यात चांगलं, त्याच्यात तारीख, वेळ आणि टोलनाका सगळं छापलेलं असतं, महिन्या-दोन महिन्यांनी ते डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा. कुणी अडवलंच तर आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन दाखवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदं चालतात, २०१८ पासून नियमातच तसं आहे. मग हा पुरावा दाखवा आणि शांतपणे बोला. तरीही पैसे मागितले तर लेखी नोटीस द्या म्हणायचं, आणि पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. भांडण करू नका, त्याचा उपयोग होत नाही, पण खाली मान घालून नोटाही काढू नका.

आपल्याकडं सीमेवर आणखी एक प्रकार असतो जो पुण्या-बंगळूरच्या माणसाला कळत नाही. चंदगड तालुक्यातला माणूस, शिनोळीत घर, उद्यमबागेत काम, गाडी एमएच ०९, रोज सकाळी येतो संध्याकाळी परत जातो. ह्या माणसानं पासिंग बदलायची गरज नाही, कारण गाडी रोज महाराष्ट्रात आपल्या घरी जाते, कर्नाटकात ती ठेवलेली नाही. कायद्यातला शब्द गाडी ठेवण्याबद्दल आहे, येण्याजाण्याबद्दल नाही. फक्त गाडीत घरच्या पत्त्याचं काहीतरी, आधारची झेरॉक्स किंवा लाइटबिल, ठेवून द्या. पण उलटं करणारेही आहेत, राहतात टिळकवाडीत नाही तर वडगावात, आणि टॅक्स कमी पडतो म्हणून गाडी घेतात गोव्यात नाही तर कोल्हापुरात, पाहुण्यांच्या पत्त्यावर. हे करू नका असं मी स्पष्ट सांगतो. गाडी जिथं नेहमी ठेवता तिथं रजिस्टर करायची असते, आणि जिथं तुम्ही राहतच नाही तिथला पत्ता लावला की पुढं नोटीस त्या पत्त्यावर जाते, अपघात झाला की इन्शुरन्सवाला पत्त्याचे प्रश्न विचारतो, आणि वाचवलेल्या पैशापेक्षा डोक्याला ताप जास्त होतो.

आता तुम्हाला खरंच बदलायचंय का हे ठरवा. नोकरी दोन वर्षांची असेल आणि परत पुण्याला जायचं पक्कं असेल तर सगळा खटाटोप आणि टॅक्स ह्याचा हिशोब घाला. ज्यांची बदली होत राहते त्यांच्यासाठी बीएच सीरिज आहे, सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली. सैन्यातले, केंद्र-राज्य सरकारी नोकर, सरकारी कंपन्यांतले, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खाजगी कंपनीतले लोक ती घेऊ शकतात. त्याच्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखाच्या आतल्या गाडीला ८ टक्के, दहा ते वीस लाख १० टक्के, वीसच्या वर १२ टक्के हा दर, डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी, आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, सांबऱ्याला एअरफोर्स आहे, तिथल्या लोकांना हे सगळ्यात सोयीचं. जुन्या साध्या नंबरवरनंही बीएचवर जाता येतं, पात्रता असली पाहिजे एवढंच. पण जो कायमचा घरी आलाय, आईवडलांजवळ राहणार, शेती बघणार, त्यानं सरळ केए करून घ्यावं.

ठरलं की कामाची सुरुवात बेळगावात होत नाही, ती महाराष्ट्रात होते, जिथं गाडी रजिस्टर आहे त्या आरटीओत. तिथनं एनओसी काढायची, म्हणजे फॉर्म २८. माझं आग्रहाचं सांगणं आहे की शक्य असेल तर पुणं सोडायच्या आधीच हे करा, एकदा इकडं आलात की एका सहीसाठी सहा-सातशे किलोमीटर येणंजाणं होतं आणि रजा जाते. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, कुठल्या आरटीओकडं गाडी चाललीय ते त्यात निवडायचं असतं, इथं नीट बघा. बेळगाव म्हणजे केए २२, चिकोडी केए २३, बैलहोंगल केए २४, गोकाक केए ४९. निपाणीचा माणूस चिकोडीकडं येतो, खानापूरचा बेळगावकडं. तिकडं कारवार केए ३०. चुकीचं ऑफिस निवडलं की एनओसी दुरुस्त करायला परत मागं जावं लागतं.

एनओसीच्या आधी तीन गोष्टी साफ करून घ्या. एक, ई-चलान. पुण्यातल्या कॅमेऱ्यानं पकडलेली सिग्नलची, हेल्मेटची, पार्किंगची चलानं तुम्हाला माहीतसुद्धा नसतात, ती थकलेली असली की अर्ज अडतो, म्हणून आधी गाडीचा नंबर टाकून बघा आणि भरून टाका. दोन, बोजा. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो बोजा तिकडंच उतरवा, इकडं येऊन उतरवू म्हणालात तर एनओसीच अडकते. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, त्यात गाडी कर्नाटकात न्यायला आमची हरकत नाही असं स्पष्ट पाहिजे, आणि फॉर्म २८ वर बँकेचा सही-शिक्का. काही बँका हे पत्र द्यायला फार वेळ लावतात, तेव्हा सगळ्यात पहिल्यांदा त्यांच्या मागं लागा, बाकीचं नंतर. तीन, गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही, चोरीची नाही ह्याचा रिपोर्ट, एनसीआरबीचा म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा, तो ऑनलाइन निघतो.

फॉर्म २८ च्या तीन प्रती लागतात आणि त्याच्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लावावा लागतो. हे काम बघायला सोपं वाटतं पण पहिल्यांदा करणाऱ्याची फजिती होते. चेसिस नंबर कुठं कोरलाय ते गाडीगणिक वेगळं, काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली मॅटचा तुकडा उचलल्यावर दिसतो. आधी ती जागा फडक्यानं पुसून घ्या, थोडं रॉकेल नाही तर पेट्रोल लावलं तर ग्रीस निघतं, चांगलं वाळू द्या. मग मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून अक्षरांवर हलक्या हातानं घासा, त्याच्यावर रुंद पारदर्शक सेलोटेप दाबून बसवा आणि एका दमात उचला, नंबर टेपवर उलटा न होता तसाच येतो, तो फॉर्मवर चिकटवा. एक अक्षर जरी पुसट आलं तरी परत करा, काउंटरवरचा माणूस आरसीवरचा नंबर आणि हा प्रिंट अक्षर अक्षर लावून बघतो. चार-पाच प्रिंट जास्तीचे काढून एका वहीत चिकटवून ठेवा, इकडं बेळगावात परत लागतात.

अर्ज केल्यावर आरटीओनं ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा नाही म्हणून कारणासकट कळवायचं, कलम ४८ मध्ये तसं आहे, आणि काहीच कळवलं नाही तर एनओसी दिली असं धरलं जातं. कागदावर हे छान आहे, प्रत्यक्षात हातात छापील एनओसी असल्याशिवाय इकडचं काउंटर हलत नाही, तेव्हा पाठपुरावा करून ती घेऊनच या. आणि मूळ आरसी, टॅक्सची पावती, गाडीचं शोरूमचं इनव्हॉइस, एनओसी, ह्या सगळ्याचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ स्कॅन करून ठेवा. जुनी आरसी पुढं जमा होते आणि मग परताव्याच्या वेळी तीच मागतात.

आता पैशाचं बोलू, कारण खरा धक्का इथं बसतो. कर्नाटकात गाडीच्या किमतीवर लाइफटाइम टॅक्स आहे आणि तो देशातल्या जास्त टॅक्सवाल्या राज्यांपैकी आहे. साध्या पेट्रोल-डिझेल कारला पाच लाखापर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाख १४ टक्के, दहा ते वीस लाख १७ टक्के आणि वीसच्या वर १८ टक्के, आणि ह्या टॅक्सवर वर ११ टक्के सेस. बाहेरनं आलेल्या जुन्या गाडीला पूर्ण टॅक्स नाही, गाडीच्या वयाप्रमाणं कमी होत जातो. पहिल्या दोन वर्षांत ९३ टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ७५ टक्के, पाच ते सहाला ६९, नऊ ते दहा वर्षांच्या गाडीला ४९ टक्के.

समजा गाडीचं इनव्हॉइस आठ लाखाचं आहे. १४ टक्क्यांनी टॅक्स झाला १,१२,०००, त्यावर सेस १२,३२०, एकूण १,२४,३२०. गाडी साडेचार वर्षांची असेल तर त्याचे ७५ टक्के म्हणजे ९३,२४०. तीच गाडी पाच वर्षं ओलांडून गेली तर ६९ टक्के, साधारण ८५,७८०. म्हणजे फक्त वयाची पायरी ओलांडली म्हणून साडेसात हजाराच्या आसपास वाचतात. तेव्हा तुमची गाडी चार वर्षं दहा-अकरा महिन्यांची असेल आणि बेळगावात येऊन १२ महिने झाले नसतील तर थोडं थांबा, ह्यात काही बेकायदेशीर नाही, मुदत तुमची आहे. वय पहिल्या रजिस्ट्रेशनपासून मोजतात, तुम्ही सेकंडहँड कधी घेतली त्यापासून नाही.

इनव्हॉइसचं महत्त्व इथं कळतं. माझ्या मामेभावाची गाडी पिंपरी-चिंचवडची, इनव्हॉइस घर बदलताना कुठं गेलं कुणाला माहीत, आणि काउंटरवर पहिला प्रश्न तोच आला. त्यानं जिथनं गाडी घेतली त्या शोरूमला चेसिस नंबर आणि आरसीची कॉपी पाठवून डुप्लिकेट इनव्हॉइस मागवलं, बरेच फोन करावे लागले पण आलं. इनव्हॉइसमध्ये जर डिस्काउंट दाखवलेला असेल तर तो कागद तर अजिबात हरवू नका. गाडी घेतानाच स्कॅन करून ईमेलला स्वतःला पाठवून ठेवायची सवय लावा सगळ्यांनी.

बेळगावच्या आरटीओत काय लागतं ते सांगतो. फॉर्म २७ नवीन नंबरसाठी, मूळ एनओसी, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, इनव्हॉइस, महाराष्ट्रात टॅक्स भरल्याची पावती, पॅन, चेसिस प्रिंट, फोटो आणि इथला पत्त्याचा पुरावा. पत्त्यावर बरेच लोक अडकतात. आधार अजून पुण्याचं असेल तर आधी तेच बदलून घ्या, घर वडलांच्या नावावर असेल तर आधारवर तो पत्ता आला की प्रश्न मिटला. भाड्यानं राहत असाल तर ई-स्टँपवरचा करार आणि घरमालकाचं हेस्कॉमचं, म्हणजे लाइटचं, बिल. नवीन नंबरची सरकारी फी फार नाही, कारला ६००, मोटारसायकलला ३००, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे, मोठी रक्कम टॅक्सचीच. ही यादी मुद्दाम सांगतोय कारण एजंट सगळी रक्कम एकत्र करून एकच आकडा सांगतो आणि त्यात त्याचे किती, सरकारचे किती, कळत नाही. एजंट लावायचाच असेल, वेळ नसेल तर लावा, मी नाही म्हणत नाही, पण टॅक्स पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या खात्यातनं भरा आणि पावती तुमच्याकडं ठेवा, त्याला फक्त त्याच्या धावपळीचे पैसे द्या.

गाडी स्वतः घेऊन जावी लागते, इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर बघतो, गाडीत काही फेरफार केलेत का बघतो. बाहेरनं बसवलेला मोठा बंपर, गडद काचेची फिल्म, मूळ रंग बदललेला, असलं काही असेल तर आधी काढा. गाडी धुऊन न्या, विशेषतः चेसिस नंबरची जागा. सकाळी लवकर गेलात तर बरं, दुपारनंतर गेलं की नाळे बन्नी, म्हणजे उद्या या, असं ऐकून परत यायची वेळ येते. कन्नड येत नाही म्हणून अनेकजण एकटे जायला कचरतात, विशेषतः ज्यांचं सगळं शिक्षण मराठीत आणि नोकरी पुण्यात झाली ते. बोर्ड कन्नडमध्ये असतात हे खरं, पण फॉर्म २७, २८ हे केंद्राचे फॉर्म आहेत, इंग्रजीत मिळतात, आणि बेळगावात दोन्ही भाषा कळणारी माणसं प्रत्येक रांगेत असतात. कन्नड येणारा एखादा मित्र सोबत न्या, आपल्याकडं असा मित्र नाही असा माणूस क्वचितच, आणि चार शब्द त्यांच्या भाषेत बोललं की समोरचाही मोकळा होतो, हे मनापासून सांगतो.

टॅक्स भरला, तपासणी झाली की नवीन नंबर पडतो. तोपर्यंत जुना नंबर कायदेशीर आहे, गाडी वापरायला हरकत नाही. नवीन नंबर पडल्यावर मात्र सुस्त बसू नका. नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, गाडीच्या कंपनीच्या डीलरकडनं किंवा अधिकृत पोर्टलवरनं मागवा, पुढची मागची प्लेट आणि काचेवरचा स्टिकर असा तो सेट असतो. साधी प्लेट रेडियमवाल्याकडनं करून घेऊ नका. आणि आपल्यातले काहीजण हौसेनं मराठी आकड्यांची प्लेट लावतात, तिकडं कन्नड आकड्यांची लावणारे आहेत, दोन्हीला दंड आहे कारण नियमाप्रमाणं नंबर इंग्रजी अक्षरं-आकड्यांतच पाहिजे. भाषेचं प्रेम मलाही आहे, पण ते प्लेटवर दाखवून उपयोग नाही.

इन्शुरन्स कंपनीला नवीन आरसी पाठवून पॉलिसीवर नंबर आणि पत्ता बदलून घ्या, एंडोर्समेंट म्हणतात त्याला. नो क्लेम बोनस तसाच राहतो. पुण्या-मुंबईची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट मागा. इन्शुरन्समध्ये पुणे, मुंबई, बंगळूर, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद हा झोन ए आहे, बाकी सगळं झोन बी, त्यात बेळगाव येतं. झोन बी चा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम कमी असतो, पुढच्या रिन्यूअलला तो कमी लागतोय ना ते तपासा. नंबर न बदलता पॉलिसी तशीच ठेवली आणि उद्या हत्तरगीजवळ कुणी मागनं धडक दिली तर क्लेमच्या वेळी हीच गोष्ट निघते.

फास्टॅग जुन्या नंबरवर असतो, तो बँकेकडनं बदलून घ्या किंवा नवीन घ्या, नाही तर कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, कुठल्या तरी टोलवर तो काळ्या यादीत गेलेला कळतो आणि जास्तीचे पैसे जातात. ऑगस्ट २०२५ पासून वर्षाचा पास निघालाय, निघाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, कोल्हापूर-बेळगाव सारखं जाणाऱ्याला तो परवडतो, पण तो गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, तेव्हा पासिंग बदलायचं चाललं असेल तर नवीन नंबर पडल्यावरच घ्या. पीयूसीही नवीन नंबरवर करून घ्या.

कोल्हापूर, सांगलीतनं सेकंडहँड गाडी विकत घेणाऱ्यांसाठी थोडंसं वेगळं आहे. तुम्ही बेळगावचे रहिवासी आणि गाडी तुमच्या नावावर होणार, तेव्हा तुमच्यासाठी १२ महिने वगैरे काही नाही, नाव बदलणं आणि नवीन नंबर एकदमच होतं. विकणाऱ्याकडनं फॉर्म २८ ची एनओसी, फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सही, त्याच्या पॅन-आधारची कॉपी, आणि त्याची सही आरसीच्या रेकॉर्डशी जुळते का ते, हे सगळं पूर्ण पैसे द्यायच्या आधी घ्या. गाडी स्वस्त पडली म्हणून आनंदात टॅक्स विसरू नका, वरचा हिशोब घालून मगच भाव ठरवा, बऱ्याच वेळा टॅक्स धरला की बेळगावातलीच केए २२ गाडी स्वस्त निघते.

आता परदेशातनं येणाऱ्यांचं. दुबई, कतार, कुवेतला आपल्या भागातली बरीच पोरं आहेत, आणि परत येताना तिथली गाडी आणता येईल का असं विचारतात. गल्फची गाडी विसरा, तिकडं स्टीअरिंग डावीकडं असतं आणि भारतात आयात होणाऱ्या वापरलेल्या गाडीला स्टीअरिंग उजवीकडंच पाहिजे. इंग्लंडची गाडी उजव्या हाताची असते, पण तिचा स्पीडोमीटर मैलात असतो आणि नियमाला किलोमीटर लागतात. शिवाय वापरलेली गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती फक्त मुंबई बंदरातनंच येऊ शकते, आणि कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त लागते. घरसामानाला जी सूट मिळते ती गाडीला मिळत नाही, हे नीट ध्यानात ठेवा, इथंच लोकांचा गैरसमज असतो. एवढं सगळं करून गाडी आलीच तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती घेऊन आरटीओत रजिस्टर करायची, आयात गाडीची फी ५,००० आहे, आणि वर कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स आहेच. माझं मत विचाराल तर गाडी तिथंच विका आणि पैसे घेऊन या.

शेवटी परतावा. तुम्ही महाराष्ट्रात गाडी घेताना एकरकमी टॅक्स भरला तो पूर्ण मुदतीचा होता, गाडी मधेच राज्य सोडून गेली तर उरलेल्या काळाचा टॅक्स परत मागता येतो. तो बेळगावात नाही, जिथनं एनओसी दिली त्या महाराष्ट्रातल्या आरटीओत मागायचा. आणि इथं नवीन नंबर पडल्याशिवाय मागता येत नाही, कारण गाडी खरंच दुसऱ्या राज्यात गेली ह्याचा पुरावा म्हणजे केए ची नवीन आरसी. साधा अर्ज लिहा, गाडीचा जुना नंबर, नवीन नंबर, एनओसीची तारीख, इथं टॅक्स किती आणि कधी भरला ते. सोबत एनओसीची कॉपी, नवीन आरसीची कॉपी, महाराष्ट्रातल्या टॅक्सची मूळ पावती, कर्नाटकातल्या टॅक्सची पावती, आणि रद्द केलेला चेक. गाडी जितकी जुनी तितका परतावा कमी, म्हणून दोन-तीन वर्षांच्या गाडीवाल्यानं तर हे सोडूच नये, हजारोंची रक्कम असते.

बहुतेकजण इथं कंटाळतात, कारण परत पुण्याला कोण जाणार. पण दिवाळीला, लग्नाला कशाला ना कशाला जाणं होतंच, त्या वेळी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या, नाही तर तिथल्या विश्वासाच्या माणसाला अधिकारपत्र देऊन पाठवा. आवक क्रमांक असल्याशिवाय पुढं चौकशीच करता येत नाही. काही महिन्यांनी काहीच हललं नाही तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र पाठवा, पोस्टानं पाठवलं तरी चालतं, त्याचीही पावती ठेवा. आणि चेक देताना जे खातं चालू ठेवणार त्याचाच द्या, पुण्यातलं पगाराचं जुनं खातं नोकरी सोडल्यावर बंद होतं आणि मंजूर झालेली रक्कम परत फिरते.